पटावर १९, चाचणीला ११ : मग जिल्ह्याच्या निकालात नेमकं कोण मोजलं गेलं?

तिसरीच्या_बाई (प्रश्न)

नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत शिकवते, मराठवाड्यातल्या ऊसतोडीच्या पट्ट्यात. पहिली ते चौथी, एकूण पट ५८. तालुक्याचं नाव लिहीत नाही. पुढे जे सांगणार आहे त्यावरून कुणाला अडचणीत आणायचं नाही, मला फक्त समजून घ्यायचंय.

४ डिसेंबर २०२४ ला देशभर परख राष्ट्रीय सर्वेक्षण झालं, म्हणजे मुलांना किती येतं ते तपासणारी सरकारी चाचणी. इयत्ता तिसरी, सहावी आणि नववी. आमच्या शाळेची तिसरीसाठी निवड झाली. माझ्या तिसरीचा पट १९. त्या दिवशी हजर ११.

आठ जण कुठे होते ते आमच्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. इतरांसाठी सांगते. २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान होतं. ऊसतोडीच्या बऱ्याच टोळ्या मतदानासाठीच थांबल्या होत्या, मुकादमाची उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, तर दसऱ्याआधीच घेऊन झाली होती. मतदान झालं आणि दुसऱ्या दिवसापासून वेशीवर ट्रक लागले. मी निवडणुकीच्या ड्यूटीवरून रात्री उशिरा घरी आले, शुक्रवारी वर्गात पाऊल टाकलं तर पाच जागा रिकाम्या. सोमवारपर्यंत आठ. हंगामी वसतिगृह आमच्याकडे आहे, पण घरी सांभाळायला आजी-आजोबा असतील तरच मूल मागे राहतं. या आठ घरांना कुलपंच लागली.

त्यातली एक मुलगी माझ्या वर्गातली सगळ्यात छान वाचणारी. अडखळत नाही, स्वल्पविरामाला थांबते, प्रश्नचिन्ह आलं की आवाज वर नेते. आठ वर्षांच्या मुलीला हे कुणी शिकवत नाही, ते वाचून वाचून येतं. ट्रकमध्ये सामान चढत होतं तेव्हा ती शाळेच्या दाराशी आली आणि म्हणाली, बाई, मराठीचं पुस्तक नेऊ का? तिच्या आईने ते भांड्यांच्या पोत्यात दोन परातींच्या मध्ये घातलं, चुरगळू नये म्हणून.

आता चाचणीच्या आदल्या दिवसाची गोष्ट. एका जबाबदार माणसाने मला सुचवलं, "बाई, अकराच दिसतायत, बरं दिसणार नाही. चौथीतली चार हुशार पोरं बसवा, कुणाला कळतंय." मी नाही म्हटलं. भांडले नाही, पण नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी क्षेत्रीय अन्वेषक म्हणून डी.एल.एड. करणारा एक मुलगा आला. त्याने हजेरीपत्रक बघितलं, मुलं मोजली, पट १९ उपस्थित ११ असं लिहिलं आणि चाचणी घेतली. मुलं नीट बसली होती. एकाने पेन्सिल दाबून दाबून टोक मोडलं तेवढंच.

निकाल आले ते २०२५ च्या जुलैत. बैठकीत जिल्ह्याचा तक्ता पडद्यावर लावला. शेजारचा जिल्हा आपल्यापेक्षा दोन-तीन टक्क्यांनी पुढे का, यावर तासभर ऐकून घ्यावं लागलं. मी मागे बसून एकच विचार करत होते की या तक्त्यात माझे आठ जण आहेत की नाहीत? आमचीच शाळा का निवडली, दीड किलोमीटरवरच्या वाडीची का नाही? कुणी म्हणतं मुद्दाम मागासलेल्या शाळा उचलतात, कुणी म्हणतं संगणक काढतो. आणि अकरा मुलांच्या पेपरवरून सगळ्या जिल्ह्याच्या तिसरीबद्दल बोलता येतं का? ज्यांना यातलं खरंच कळतं त्यांनी सविस्तर सांगावं. मला गणिताची भीती नाही.

---

नववी_ड_वर्गशिक्षक

बाई, तुम्ही नाही म्हणालात ते फार बरं केलंत.

आमचं शहरातलं अनुदानित हायस्कूल, नववीसाठी निवड झाली होती. चार तुकड्या. आमच्याकडे अजून 'अ' तुकडी म्हणजे निवडक मुलं अशी पद्धत आहे, ती चूक आहे हे मी शाळेतही सांगत असतो. अन्वेषक आल्यावर 'अ'च बसवा असा आग्रह सुरू झाला. त्या बाईंनी शांतपणे चार चिठ्ठ्या केल्या, शिपाईमामांना उचलायला लावली, 'ड' निघाली. माझी. पट ६२, हजर ५४. त्यातून ३० काढायचे होते. पटावरच्या नावांवरून ठरावीक अंतराने बोट ठेवत त्यांनी नावं काढली, मी मध्ये बोललो नाही. उरलेल्या चोवीस जणांना शेजारच्या वर्गात बसवलं. त्यातल्या दोघी रडवेल्या झाल्या, आम्हाला का नाही घेतलं म्हणून. त्यांना काय उत्तर द्यावं ते मला तेव्हा सुचलं नाही.

मुद्दाम मागास शाळा उचलतात हे मात्र खरं वाटत नाही. आमच्या शहरात नावाजलेली खासगी शाळाही निवडली होती.

---

निवृत्त_अधिव्याख्याता

तिसरीच्या बाई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मी बरीच वर्षं शिक्षक प्रशिक्षणात काढली आणि अशा सर्वेक्षणांच्या कामाशी संबंध आला. जे पक्कं माहीत आहे ते सांगतो. थोडं लांबेल.

आधी आकार लक्षात घ्या. ४ डिसेंबरला देशातल्या ७८१ जिल्ह्यांत ७४,२२९ शाळांमधून २१,१५,०२२ मुलांची चाचणी झाली. भागाकार केला तर जिल्ह्यामागे सरासरी ९५ शाळा आणि साधारण २,७०० मुलं. इयत्ता तीन, म्हणजे तिसरीची ढोबळ ९००. तुमची अकरा त्या नऊशेंपैकी.

शाळांची यादी येते यूडायसमधून, म्हणजे शाळांच्या सरकारी माहितीसंचातून. आपण दरवर्षी भरतो तीच माहिती, शाळेचा प्रकार, व्यवस्थापन, इयत्तावार पट. या यादीतून शाळा काढताना साधी चिठ्ठी टाकत नाहीत. पट जितका मोठा तितकी निवड होण्याची शक्यता जास्त, असं ते करतात. ऐकायला अन्यायाचं वाटतं, पण हिशेब बघा. पाच शाळांचा एक छोटा तालुका धरू. तिसरीचा पट असा: १२, १९, ४५, ८, ३६. दुसरी शाळा तुमची. आता बेरीज चढत न्या: १२, ३१, ७६, ८४, १२०. दोन शाळा हव्यात, म्हणून १२० ला दोनने भागलं, अंतर आलं ६०. एक ते साठमधला एक आकडा चिठ्ठीने काढला, समजा २३ निघाला. तेविसावं मूल कुठल्या शाळेत पडतं? पहिल्या शाळेत १२ पर्यंत, तुमच्या शाळेत १३ ते ३१. आली तुमची शाळा. पुढचा आकडा २३ अधिक ६०, म्हणजे ८३. तो ७७ ते ८४ मध्ये, आठ मुलांच्या वाडीवर. पंचेचाळीस पटाची मोठी शाळा दोन्ही वेळा हुकली. कुणी मुद्दाम केलं नाही, चिठ्ठीत १७ निघाला असता तरी तुमचीच शाळा आली असती आणि १० निघाला असता तर तुमची सुटली असती. प्रत्यक्षात दीड किलोमीटरवरची वाडी राहिली आणि तुमची आली, त्याचं कारण यापलीकडे काही नाही.

आता दुसरी पायरी. निवडलेल्या शाळेत एका इयत्तेची जास्तीत जास्त ३० मुलं. पंचेचाळीस पटाची शाळा निवडली जाण्याची शक्यता ६० पैकी ४५, म्हणजे पाऊण. आत गेल्यावर एखाद्या मुलाची शक्यता ४५ पैकी ३०, म्हणजे दोन तृतीयांश. गुणाकार निम्मा. छत्तीसच्या शाळेचं करा: ६० पैकी ३६ गुणिले ३६ पैकी ३०. पुन्हा निम्मा. मोठ्या शाळेला जे झुकतं माप दिलं ते वर्गात शिरल्यावर परत काढून घेतलं. शाळा लहान असो की मोठी, प्रत्येक मुलाला सारखीच संधी. मी हे पहिल्यांदा स्वतःच्या हाताने मांडलं तेव्हा मला फार समाधान वाटलं होतं, म्हणून तुम्हालाही कागद घेऊन करायला सांगतो.

नववी ड सर, तुमच्या त्या दोन मुलींना हेच सांगता आलं असतं. त्यांना घेतलं नाही म्हणजे त्या मोजल्या गेल्या नाहीत असं नव्हे. जिला घेतलं ती त्यांच्याही वतीने बसली होती.

तीसपेक्षा कमी पटाच्या शाळांपाशी मात्र हा मेळ तुटतो. तुमच्या शाळेची शक्यता ६० पैकी १९ आणि आत सगळीच मुलं घ्यायची. वाडीची ६० पैकी ८. म्हणजे लहान शाळेतल्या मुलाला संधी कमी मिळते. त्यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे यादीतच लहान शाळांचा पट तीस धरून टाकायचा, मग बेरीज आणि अंतर बदलतं पण संधी सारखी होते. पिसा आणि टिम्ससारख्या आंतरराष्ट्रीय चाचण्यांत असं करतात. दुसरा म्हणजे निकाल काढताना त्या मुलाला जास्त भार द्यायचा. शक्यता जितकी कमी तितका भार जास्त: वाडीतल्या मुलाचा भार ६० भागिले ८, साडेसात. तुमच्या वर्गातल्याचा ६० भागिले १९, तीनच्या थोडा वर. मोठ्या शाळेतल्याचा दोन. भार म्हणजे ते मूल किती मुलांच्या जागी उभं आहे तो आकडा. महाराष्ट्राच्या डोंगरी आणि वाडीवस्तीच्या तालुक्यांसाठी ही किरकोळ बाब नाही. भार न देता नुसती सरासरी काढली तर बाजारगावची मोठी शाळाच सगळ्या जिल्ह्याच्या नावाने बोलेल.

आता तुमच्या आठ मुलांकडे येतो. उत्तर कडू आहे.

अशा सर्वेक्षणांत निवडलेलं मूल गैरहजर असेल तर रूढ पद्धत अशी की हजर असलेल्यांचा भार वाढवायचा. पट १९, हजर ११, म्हणजे प्रत्येकाचा भार १९ भागिले ११ ने, पावणेदोनपटीच्या जवळ नेऊन ठेवायचा. त्यामुळे वर्ग एकोणीसचाच धरला जातो. पण गेलेल्या आठ जणांच्या वतीने हे अकरा जण उत्तरं देतात. यामागे एक गृहीत आहे: गैरहजर मुलं हजर मुलांसारखीच असतात. ताप आला, लग्नाला गेले, गावात जत्रा होती, अशा गैरहजेरीत ते चालून जातं. एकाच दिवशी, एकाच कारणाने, एकाच प्रकारच्या घरातली मुलं गेली असतील तर अजिबात चालत नाही.

म्हणूनच टिम्समध्ये वर्गाची उपस्थिती ९० टक्क्यांच्या खाली गेली तर उरलेल्यांसाठी पुन्हा बैठक घ्यावी लागते. आधी निवडलेल्या शाळांपैकी ८५ टक्के शाळा प्रत्यक्ष मिळाल्या पाहिजेत अशी अपेक्षा असते, आणि एखादी शाळा नाहीच आली तर यादीतली तिच्या लगेच आधीची किंवा नंतरची शाळाच पर्यायी म्हणून घेता येते. सोयीची, रस्त्यावरची, ओळखीच्या मुख्याध्यापकांची अशी निवड कुणाला करताच येऊ नये म्हणून. तुमच्या वर्गाची उपस्थिती ५८ टक्के होती. उसाच्या गावात पुन्हा बैठक घ्यायची तर ती एप्रिलमध्ये घ्यावी लागली असती.

आणि शेजारच्या जिल्ह्याशी तुलना. शितावरून भाताची परीक्षा आपण म्हणतो, पण सगळी शितं पातेल्याच्या एकाच कोपऱ्यातून काढली तर? एका शाळेतली मुलं एकाच कोपऱ्यातली शितं असतात. तेच शिक्षक, तीच वस्ती, तेच पुस्तक. समजा मुलामुलांमधल्या एकूण फरकाचा पाचवा हिस्सा शाळाशाळांमधल्या फरकामुळे आहे. मग एका शाळेतून तीस जण घेतले की हिशेब असा: १ अधिक २९ (तीस वजा एक) गुणिले ०.२, म्हणजे ६.८. नऊशेंना ६.८ ने भागा, १३२. तुमच्या नऊशे मुलांची माहिती जिल्हाभर विखरून निवडलेल्या १३२ मुलांइतकीच. एवढ्यावर एखाद्या प्रश्नाला पन्नास टक्के बरोबर असा आकडा आला तर तो आठ-नऊ टक्क्यांनी वर-खाली असू शकतो. तुमच्याकडे शाळा लहान आहेत, त्यामुळे चित्र याहून थोडं बरं असेल. पण दोन-तीन टक्क्यांच्या फरकावर तासभर बैठक घेण्याइतकं बरं नक्कीच नाही. शिक्षकांना त्या आकड्यावरून बोल लावणं चूक आहे, हे मी अशा बैठकांमध्ये उभं राहून सांगत आलोय.

शेवटचं. तुमच्या शाळेचा असा निकाल या सर्वेक्षणात निघतच नाही. अकरा मुलांवरून तुमच्याबद्दल कुणी काही म्हणू शकत नाही. चाचणी जिल्ह्याची होती.

---

तिसरीच्या_बाई

सर, मी खरंच कागद घेऊन बसले. २३ ची चिठ्ठी, मग ४१ ची, मग ५ ची. पाच घेतल्यावर बारा पटाची शाळा आणि पंचेचाळीसची आली. आमच्या केंद्रातल्या सगळ्या शाळांचे पट लिहून पुन्हा केलं. इतकी वर्षं यूडायस भरतेय, तो आकडा असा कामाला येतो हे कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर पटाच्या रकान्याकडे मी वेगळ्या नजरेने बघितलं असतं.

पण अकरा जण आठ जणांच्या वतीने बोलले, हे मनातून जात नाही. माझी ती वाचणारी मुलगी गैरहजर होती. तिच्या जागी कोण बोललं? त्या अकरांत एक मुलगा आहे, तो अजून जोडाक्षरापाशी अडतो. गुणी आहे, कष्ट करतो, पण अडतो. तिच्या वाट्याचं उत्तर काही अंशी त्याने दिलं असं म्हणायचं का? गेलेल्यांत दोघं तिघं असेही होते की त्यांना दोन अंकी बेरीज हातच्याची येत नव्हती. त्यांच्या वतीने मग कोण? सगळे म्हणतात स्थलांतरित मुलं म्हणजे मागे पडलेली मुलं. डिसेंबरात ती मागे नव्हती. मार्चमध्ये असतात.

---

वाडीवस्ती_स्वयंसेवक

बाई, माझा अनुभव दुसऱ्या बाजूचा आहे. २०१२ साली डी.एड. करत असताना मी 'असर'च्या, म्हणजे खेड्यातल्या मुलांचं वाचन आणि गणित तपासणाऱ्या सर्वेक्षणाला स्वयंसेवक म्हणून गेलो होतो. ते शाळेत होत नाही, घरी होतं. म्हणजे पटावर नसलेलं, खासगीत जाणारं, शाळा सोडलेलं मूलही सापडावं असा हेतू. मला ती कल्पना आजही फार आवडते.

जिल्ह्यात ३० गावं, जनगणनेच्या यादीतून, लोकसंख्येच्या प्रमाणात. सरांनी सांगितलं तसंच चढत्या बेरजेने. प्रत्येक गावात २० घरं. जिल्ह्याची सहाशे घरं. गावात गेल्यावर पहिलं काम नकाशा. आम्ही दोघं पारावर बसलो आणि म्हाताऱ्या माणसांना विचारत काडीने मातीवर नकाशा काढला. देऊळ इथे, विहीर इथे, वस्ती ओढ्यापलीकडे. एक आजोबा म्हणाले, तुम्ही आमची वरची आळी विसरलात, आणि काडी घेऊन त्यांनीच ती काढून दिली. मग तो नकाशा कागदावर उतरवला, गावाचे चार भाग केले, प्रत्येक भागाच्या मध्यावरून निघून डाव्या हाताचं दर पाचवं घर. प्रत्येक भागात पाच घरं. तीन ते सोळा वयाच्या मुलांची नोंद, पाच ते सोळाच्या मुलांची वाचन आणि गणिताची तपासणी. परिच्छेद वाचता आला तर गोष्ट, नाही आला तर शब्द, मग अक्षर. रविवारी जायचो, मुलं घरी सापडावीत म्हणून. २०२४ चं 'असर' याच पद्धतीने ६०५ ग्रामीण जिल्ह्यांतल्या १७,९९७ गावांत झालं आणि ६,४९,४९१ मुलांपर्यंत पोचलं.

आता बंद घर. घराला कुलूप असलं की तशी नोंद करून शेजारच्या घराकडे जायचं, असा नियम. त्या वेळी मी काही मनाला लावून घेतलं नाही. एका गल्लीत सलग चार कुलपं होती, पाचवं घर उघडं सापडलं, तिथल्या दोन मुलींची तपासणी केली आणि पुढे गेलो. नंतर कळलं की ती चारही घरं तोडीला गेली होती. म्हणजे तुमच्या अकरा मुलांनी आठ जणांसाठी जे केलं तेच त्या दोन मुलींनी चार घरांसाठी केलं.

त्या चार घरांतली मुलं कारखान्याजवळ पाचटाच्या कोपीत असणार. त्या गावात सर्वेक्षण आलं तर? कोप्या गावाबाहेर, उसाच्या फडाला लागून. पारावरचे आजोबा गावाचा नकाशा सांगताना कोप्या सांगत नाहीत, कारण त्यांच्या मते ते गाव नाहीच. इकडे कुलूप, तिकडे नकाशाबाहेर. मी तेव्हा एकवीस वर्षांचा होतो. आज असतो तर त्या आजोबांना विचारलं असतं, बाबा, फडावरची माणसं कुठे राहतात?

---

निवृत्त_अधिव्याख्याता

वाडीवस्ती, तुमचं शेवटचं वाक्य प्रत्येक प्रशिक्षणात सांगायला हवं.

बाई, तुमच्या मुलीबद्दल. हिशेबाच्या भाषेत, तिच्या वाट्याचं उत्तर अकरा जणांच्या सरासरीने दिलं. ती सरासरीहून वर होती, म्हणून जिल्ह्याने थोडं गमावलं. हातच्याची बेरीज न येणारे गेले, म्हणून जिल्ह्याने थोडं खोटं कमावलं. तुमच्या वर्गात हे दोन्ही एकमेकांना कापून गेलं असेल किंवा नसेल. कुणालाच सांगता येणार नाही, कारण आठ कोऱ्या जागांत काय होतं ते फक्त तुम्हाला माहीत आहे. स्थलांतरित म्हणजे कच्चं हे समीकरण तुम्ही खोडलंत ते योग्यच. शाळांमधलं हे राष्ट्रीय सर्वेक्षण नोव्हेंबर-डिसेंबरात होतं. २०१७ चं १३ नोव्हेंबरला झालं, २०२१ चं १२ नोव्हेंबरला, हे ४ डिसेंबरला. ऊसपट्ट्यासाठी या तारखांचा अर्थ वेगळा आहे, तो दिल्लीच्या टेबलावरून दिसत नाही. नोव्हेंबरच्या मध्यात निम्म्या टोळ्या गेलेल्या असतात, डिसेंबरात जवळजवळ सगळ्या. म्हणजे एका वर्षाचा निकाल दुसऱ्या वर्षाशी ताडताना वर्गात बसलेली मुलंच वेगळी असतात. त्यात २०१७ ला फक्त सरकारी आणि अनुदानित शाळा होत्या, २०२१ ला खासगी विनाअनुदानितही आल्या. प्रगती झाली की घसरण, हे बोलण्याआधी कोण बसलं होतं ते विचारायला हवं.

चौथीतली मुलं बसवण्याच्या सूचनेबद्दल पहिल्या उत्तरात लिहिलं नाही, आता लिहितो, कारण ही गोष्ट सगळ्यात वाईट आहे आणि ती अनेक ठिकाणी सहज सुचवली जाते. समजा तुमच्या जिल्ह्यात तिसरीत २७,००० मुलं आहेत. नमुन्यात ९००. प्रत्येक मूल तिसांच्या वतीने बसलंय. चौथीची चार बसवली असती तर चार नाही, १२० मुलं खोटी उभी केली असती. शिवाय उपस्थिती ११ ऐवजी १५ दिसली असती, म्हणजे ऊसतोडीची खूणच कागदावरून पुसली गेली असती. उद्या कुणी जिल्ह्याची आकडेवारी घेऊन बसला आणि विचारू लागला की हंगामी वसतिगृहं कुठे वाढवायची, तर त्याला तुमचं गाव दिसलंच नसतं. तुमच्या त्या अकरा या आकड्यात आठ जणांची एवढी तरी नोंद शिल्लक आहे. अभ्यासात कच्च्या मुलांना त्या दिवशी घरी ठेवायला सांगणं हेही तेच. ज्याला वाचता येत नाही त्याला घरी ठेवलं की त्याच्यासारख्या तिसांना आपण जिल्ह्यातून हाकललं.

तुम्हाला काय करता येईल असं तुम्ही विचारलं नाही, तरी सांगतो. हजेरीपत्रकात नुसती फुली मारू नका. स्थलांतर असा शेरा आणि गेल्याची तारीख, आल्याची तारीख. स्थलांतर करणाऱ्या मुलाला दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी पत्रक दिलं असेल तर त्याची नोंद. आणि पुढच्या बैठकीत तक्ता लागला की एकच मागा: टक्क्यांच्या शेजारी नमुन्यातल्या मुलांची उपस्थिती किती होती तो रकाना. शेजारच्या जिल्ह्याचाही.

---

नववी_ड_वर्गशिक्षक

त्या दोन मुली आता दहावीत आहेत. त्यांना काल बोलावून सांगितलं, सरांच्या पाच शाळांच्या उदाहरणासकट. एकीने लगेच विचारलं, "सर, मग ज्या आठ मुलांची शाळा निवडली तिथल्या मुलाचा भार साडेसात आणि माझ्या मैत्रिणीचा दोन, असं का? ती कमी महत्त्वाची आहे का?" मी फळ्यावर पुन्हा मांडून दाखवलं की तिच्यासारख्या आणखी कितीतरी जणी नमुन्यात आहेत, वाडीतल्या मुलासारखे फार थोडे. तिला पटलं. संभाव्यतेचा धडा यंदा याच उदाहरणाने सुरू करणार आहे.

---

तिसरीच्या_बाई

सगळ्यांची मनापासून आभारी आहे. उपस्थितीच्या रकान्याबद्दल केंद्रप्रमुखांना लेखी दिलं. त्यांनी नीट वाचून घेतलं आणि पुढे पाठवतो म्हणाले.

ती मुलगी पाडव्यानंतर आली. आता चौथीत आहे. पुस्तक आणलं, मागचं पान फाटलंय, बाकी शाबूत. फडावर रात्री कोपीत बॅटरी लावून ती लहान भावाला वाचून दाखवायची असं आई सांगत होती. वाचनात अडखळत नाही, पण भागाकार पूर्ण राहिलाय, तो आम्ही मधल्या सुट्टीनंतर करतो.

काल संध्याकाळी मागच्या वर्षीचं हजेरीपत्रक काढलं आणि आठही नावांपुढे लाल शाईने तारखा भरायला बसले. गेल्याची तारीख आठही जणांची मिळाली. आल्याची सहा जणांची. दोघांची नाही, कारण ते आलेच नाहीत, आणि चौथीच्या पटावर त्यांची नावं मी जूनपासून तशीच पुढे चालवतेय. त्यातल्या एकाची आत्या शेजारच्या वाडीत असते. उद्या शाळा सुटल्यावर तिच्याकडे जाणार आहे.